आधी नदी, मग बोट

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत जर्मनीच्या दिवशी बहुधा एक ओळ असते : ऱ्हाइन नदीवर बोटीतून सफर. ही सफर अनेकदा बोपार्ड ते सांक्ट गोआर अशी तासाभराची असते. बसमधून उतरायचं, बोटीत बसायचं, दोन्ही तीरांवरच्या गढ्यांचे फोटो काढायचे आणि पुन्हा बस. तो तास सुंदर असतो यात शंका नाही. पण ज्या कड्याचं नाव ऐकून माणसं ऱ्हाइनवर जातात, तो लोरेलायचा कडा सांक्ट गोआरच्या वरच्या अंगाला दोन-तीन किलोमीटरवर आहे. बोपार्डहून येणारी बोट त्याच्या अलीकडेच धक्क्याला लागते आणि प्रवासी कडा लांबून बघून परत फिरतात. नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला काउबचा पांढरा किल्ला तर त्याहून वर राहतो.

हे प्रकरण ऱ्हाइनवर पुन्हा, आणि सवडीनं, जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. निवृत्तीनंतर दोघांनीच जावं, किंवा जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाताना आठवडाभर नदीवर राहावं, असा विचार करणारी घरं पुण्यात आता बरीच आहेत. त्यांची चौकशी बहुधा कंपनी कोणती आणि दर किती इथून सुरू होते. माझ्या मते ती नदीपासून सुरू व्हायला हवी. नदीचा कोणता भाग बघायचा, कोणत्या दिशेनं जायचं, त्या महिन्यात पाणी किती असतं, हे आधी ठरलं की बोट, केबिन आणि व्हिसा हे प्रश्न बरेच सोपे होतात.

ऱ्हाइन सुमारे १,२३० किलोमीटर लांब आहे. (जुन्या ज्ञानकोशांत हा आकडा १,३२० दिसला तर गोंधळू नये. विसाव्या शतकात कधीतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आणि ती चूक दशकानुदशकं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिली. २०१० साली एका जर्मन जीवशास्त्रज्ञानं ती उघडकीला आणली.) मोठ्या बोटींची नेहमीची सफर स्वित्झर्लंडमधल्या बाझलपासून ॲम्स्टरडॅमपर्यंत किंवा उलट, सात रात्रींची आणि सुमारे आठशे किलोमीटरची असते. जाहिरातीतली दृश्यं मात्र जवळजवळ सगळी एकाच पट्ट्यातली असतात. बिंगेन आणि रुडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतची ही साधारण ६५ किलोमीटरची घळई २००२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. बाझलच्या खाली नदीचा मोठा भाग सरळ केलेला आणि बंधाऱ्यांनी अडवलेला आहे; इफेत्सहाइमपर्यंत दहा लॉक (बोट वर-खाली नेणारी जलकपाटं) आहेत. कोलोनच्या पुढे जमीन सपाट होत जाते आणि कारखाने व गोद्या सुरू होतात. सात रात्रींच्या प्रवासात घळईचा वाटा जेमतेम अर्ध्या दिवसाचा. म्हणून पैसे भरण्याआधी एक प्रश्न लेखी विचारावा : बिंगेन ते कोब्लेन्झ हा टप्पा कोणत्या दिवशी, किती ते किती वाजता पार होणार? उत्तर दिवसाउजेडी नसेल तर ती सफर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

ही घळई घडली ती दोन गोष्टी एकाच वेळी होत राहिल्यामुळे. पाटीच्या दगडाचा मोठा पठारी प्रदेश हळूहळू वर उचलला जात होता आणि नदी आपली वाट न सोडता त्याच वेगानं खाली कापत होती. त्या काळ्या पाटीच्या दगडाच्या उतारांवर पायऱ्या बांधून द्राक्षमळे केले आहेत; दिवसा तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो. गढ्या आणि किल्ले मिळून चाळीसच्या आसपास आहेत. त्यांतल्या अनेकांचा जीव जकातीवर होता. ऱ्हाइन हा युरोपचा मोठा व्यापारी मार्ग, आणि अरुंद घळईत नदीवरून जाणारी नाव चुकवून जाऊ शकत नाही. काउबच्या बेटावरचा फाल्त्सग्राफेनश्टाइन १३२७ च्या सुमारास याच वसुलीसाठी उभा राहिला. १६८९ साली चौदाव्या लुईच्या फौजांनी यांतले कितीतरी किल्ले पाडले. आज जे साजरे मनोरे दिसतात, त्यांतले ऱ्हाइनश्टाइन आणि श्टोल्झेनफेल्स एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजघराण्यानं अवशेषांवरून पुन्हा उभे केलेले आहेत. सगळ्यांत अस्सल बघायचा असेल तर मार्क्सबुर्ग; तो कधी पाडला गेला नाही. नदीवरच्या जकाती १८६८ च्या मानहाइम करारापर्यंत उठल्या. करारानं नदी मोकळी झाली, पण घळईत आजही पूल नाही. या तीरावरून त्या तीरावर जायचं तर फेरीबोट.

लोरेलायची दंतकथा पुण्याला तशी अनोळखी नाही. बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्या कित्येकांना हायनरिश हायनेची १८२४ ची कविता माहीत आहे. कड्यावर बसून केस विंचरणारी ती तरुणी फार प्राचीन मात्र नाही; तिला आजचं रूप देणारी कथा क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीनं १८०१ साली रचली. धोका मात्र खरा आणि जुना आहे. इथे नदी अरुंद होते, वळते, आणि तळ वीस मीटरहून खोल जातो. वळणापलीकडून काय येतंय ते दिसत नाही, म्हणून ओबरवेझल ते सांक्ट गोआर या भागात तीरावरच्या दिव्यांच्या खुणांनी वर चढणाऱ्या बोटींना इशारा दिला जातो. जानेवारी २०११ मध्ये इथेच सल्फ्युरिक आम्लाचं एक टँकर जहाज उलटलं आणि वाहतूक कित्येक आठवडे विस्कळीत राहिली. डेकवर उभं राहून हे दिवे शोधावेत. नकाशापेक्षा त्यांनी नदी जास्त कळते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी. ऱ्हाइनच्या तीरांवर किलोमीटरचे मोठे पांढरे फलक आहेत. शून्य कॉन्स्टान्झच्या जुन्या पुलापाशी आहे आणि आकडे समुद्राकडे वाढत जातात. काउब ५४६, लोरेलाय ५५४, कोब्लेन्झ ५९२. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवले तर बोटीवरची घोषणा समजली नाही तरी काही चुकत नाही. तीर ओळखायची पद्धतही सोपी आहे : पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड केलं की उजव्या हाताला उजवा तीर. घळईत नदी साधारण वायव्येकडे जाते, त्यामुळे सकाळचं ऊन डाव्या तीरावरच्या बाखाराख आणि ओबरवेझलवर पडतं, दुपारनंतरचं उजव्या तीरावरच्या काउब आणि मार्क्सबुर्गवर.

आता पाणी. याबाबत पुणेकरांची तयारी बरी आहे. दर पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे आपण सकाळी सकाळी वाचतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. नदीचा आकडा वाचून दिवसाचा बेत बदलायची सवय ऱ्हाइनवर थेट उपयोगी पडते. फरक इतकाच, की आपल्याला धास्ती फार पाण्याची असते आणि तिथे शरद ऋतूत चिंता कमी पाण्याची असते.

इफेत्सहाइमच्या खाली ऱ्हाइनवर एकही बंधारा नाही. पाणी अडवून धरायची सोय नसल्यामुळे खोली पूर्णपणे पाऊस आणि आल्प्समधल्या बर्फावर अवलंबून राहते. सगळ्यांत उथळ जागा काउबपाशी आहे आणि तिथल्या मापकाचा आकडा जर्मनीचं जलमार्ग प्रशासन रोज, सर्वांना फुकट, संकेतस्थळावर देतं. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मापकावरचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. काउबला मापकावर साधारण ७८ सेंटिमीटर असताना बोटींच्या वाटेवर सुमारे १.९ मीटर पाणी असतं. म्हणजे आकड्यात एक मीटरहून थोडं अधिक मिळवायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला. मोठ्या प्रवासी बोटीचा तळ पाण्यात दीड मीटरच्या आसपास असतो, तेव्हा काय झालं असेल ते उघड आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. उलट बाजूनं, कोलोनच्या मापकानं ८.३० मीटर गाठले की वाहतूक पूर्ण बंद होते. असं बहुधा हिवाळ्यात घडतं.

याचा आपल्या सुट्ट्यांशी सरळ संबंध आहे. आल्प्समधलं बर्फ वितळून मे, जून आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत नदीला चांगलं पाणी असतं. शाळांची उन्हाळी सुट्टी या काळाशी जुळते, मळे हिरवे झालेले असतात आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. दिवाळीची सुट्टी याच्या अगदी उलट पडते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे कमी पाण्याचे महिने. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळ मागे गेलं की पाच-सव्वापाचला अंधारू लागतं आणि घळईतल्या रोजच्या प्रवासी बोटीही तोवर हंगाम आटोपतात. द्राक्षांच्या पानांचा पिवळा रंग तेव्हाच दिसतो हे खरं, पण पहिल्याच खेपेला ही जोखीम घेऊ नये. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर मेचा उत्तरार्ध किंवा जून माझ्या पसंतीचा.

दिशेचाही विचार करावा, हे फार थोडे लोक सांगतात. घळईत प्रवाहाला वेग आहे. दिवसाच्या बोटी रुडेसहाइमहून कोब्लेन्झला उतरताना सुमारे चार तास घेतात, तर कोब्लेन्झहून वर चढताना सहाच्या आसपास. बघण्यासाठी आलेल्या माणसाला वर चढणारी बोट दीडपट वेळ देते, भाडं मात्र तेच. सात रात्रींची सफर घ्यायची तर ॲम्स्टरडॅमकडून बाझलकडे जाणारी निवडावी. आणि सात रात्रींसाठी पैसा किंवा सुट्टी नसेल तर त्यात हिरमुसण्यासारखं काही नाही. १८२६ पासून ऱ्हाइनवर प्रवासी बोटी चालवणाऱ्या केडी या जुन्या कंपनीची दिवसाची बोट घ्यावी, कोब्लेन्झला सकाळी चढावं आणि घळईच्या वरच्या टोकाला उतरावं. बोटीनं पाहण्यासारखा जो भाग आहे तो जवळजवळ सगळा या एका दिवसात येतो; मग बाखाराखमध्ये एक मुक्काम करता आला तर फारच उत्तम.

मोठी बोटच घ्यायची असेल तर तिचा आकार असा का हे समजून घ्यावं. कंपनी कोणतीही असो, या बोटी लांबट पेटीसारख्या दिसतात : लांबी १३५ मीटरच्या आत, रुंदी ११.४५. ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा, १९९२ साली पूर्ण झालेला कालवा ओलांडायचा तर बारा मीटर रुंदीच्या लॉकमधून जावं लागतं, म्हणून हे माप. लॉकच्या भिंतीला हात लागेल इतक्या जवळून बोट वर उचलली जाते तो प्रसंग चुकवू नये. पण रुंदी ठरलेली असल्यामुळे केबिनही लहानच राहते. सर्वांत खालच्या मजल्यावर छताजवळ छोटी न उघडणारी खिडकी. वरच्या दोन मजल्यांवर सरकती काच आणि बाहेर कठडा. दरात बराच फरक असतो. पहिल्या सफरीसाठी मी खालची केबिन सुचवेन, कारण घळई सगळे वरच्या उघड्या डेकवरून बघतात, दोन्ही तीर तिथूनच दिसतात. शिवाय गावांच्या धक्क्यांवर बोटी एकीला एक लावून उभ्या राहतात. जास्तीचे पैसे मोजून घेतलेल्या कठड्यासमोर दिवसभर दुसऱ्या बोटीची काच असू शकते.

आई-वडिलांना नेत असाल तर हीच गोष्ट वेगळ्या कारणानं महत्त्वाची. धक्क्यावर जाताना कधी दोन-तीन बोटींच्या आतून वाट काढावी लागते, मधले फलाट हलतात, आणि लिफ्ट असली तरी ती बहुधा सर्वांत वरच्या डेकपर्यंत जात नाही. खालच्या मजल्यापर्यंतही जाते का ते विचारून घ्यावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मग मधला मजला घेऊन देणं योग्य. गावांतले रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत. नव्या चपला घेऊन जाऊ नये, रोजच्या वापरातले बूट न्यावेत. समुद्रासारखी बोट हलत नाही, त्यामुळे मळमळीची भीती बाळगायचं कारण नाही.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं. शाकाहारी म्हणजे अंडं चालतं की नाही, मासा नको, मांसाचा रस्सा घातलेलं सूप नको, हे प्रत्येक शब्दानिशी. बोटीचं स्वयंपाकघर छोटं असतं आणि माल ठरावीक गावांत चढतो. आदल्या दिवशी सांगितलेलं जमतंच असं नाही, महिनाभर आधी सांगितलेलं बहुधा जमतं.

व्हिसाच्या बाबतीत नदीनं एक खास पेच घातलेला आहे. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स हे चारही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एक व्हिसा पुरतो. पण अर्ज कोणाकडे करायचा? नियम असा, की ज्या देशात मुक्काम सर्वाधिक त्याच्याकडे. दिवस सारखे झाले तर जिथे पहिला प्रवेश त्याच्याकडे. बोट रात्री चालत असली तर मुक्काम कोणाचा? म्हणून कंपनीकडून तारीखवार पत्रिका घ्यावी, प्रत्येक रात्रीचं बंदर मांडावं आणि मोजावं. ऱ्हाइनवर पारडं साधारणपणे जर्मनीकडे झुकतं, पण बोटीच्या आधी पाच रात्री इंटरलाकेनला काढणार असाल तर गणित स्वित्झर्लंडकडे जातं. ही बेरीज अर्जासोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावी. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे महिन्यासाठी पुण्यातली अर्ज देण्याची वेळ लवकर भरते, तेव्हा दिवाळी झाली की कागद गोळा करायला लागावं. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. त्या विम्यात सफर अर्धवट राहिल्याची भरपाई आपोआप येत नाही. ती वेगळी मागून घ्यावी.

ज्यांचं मन डॅन्यूबकडे ओढतं त्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. पासाऊ ते बुडापेस्ट हा टप्पा शेंगेनमध्येच आहे, आणि त्यात मेल्क ते क्रेम्स ही वाखाउची दरी ऱ्हाइनच्या तोडीची. पण बुडापेस्टच्या खाली लोखंडी दरवाजा नावाच्या भव्य घळईकडे जायचं तर बोट सर्बियात शिरते, आणि सर्बिया शेंगेनमध्ये नाही. पुढे रुमानिया किंवा बल्गेरियात उतरताना तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता, कारण जानेवारी २०२५ पासून ते दोन्ही देश पूर्णपणे त्यात आले आहेत. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा इथे चालत नाही. अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागावेत आणि सर्बियाचे नियम स्वतंत्रपणे तपासावेत.

निघण्याआधीच्या पंधरवड्यात काउबचा आकडा रोज बघावा. तो शंभरच्या वर असेल तर निश्चिंत जावं. सत्तरच्या खाली उतरत असेल तर कंपनीला आधीच विचारावं की पर्याय काय. बहुतेक कंपन्यांचे करार त्यांना मार्ग बदलायची मुभा देतात : उथळ भागाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटी ठेवून प्रवाशांना मधला टप्पा बसनं ओलांडवतात. अशी वेळ आलीच तर बसला नकार देता येतो का ते पाहावं. घळईच्या दोन्ही तीरांवरून रेल्वे जाते. डाव्या तीरावरची गाडी कोब्लेन्झहून बिंगेनकडे पाण्याच्या अगदी कडेनं धावते आणि बोपार्ड, सांक्ट गोआर, ओबरवेझल, बाखाराख या सगळ्या गावांना थांबते. कोब्लेन्झला चढताना डावीकडची खिडकी धरावी.